दर्पण कॉलनीचं खंडपीठ

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात परका माणूस नको, ही पोतनिसांची जुनी रीत. ती मोडणाऱ्याशी आप्पा आठवडाभर बोलत नसत. यंदा ती आप्पांनीच मोडली, त्यामुळे अबोला धरायचा कुणाशी, असा त्यांच्यापुढे प्रश्न पडला होता.

“सही व्हायची असेल तर देवीसमोर व्हावी,” असं त्यांनी पुतण्याला बजावलं होतं. “बळवंत, तुझ्या त्या पुण्याच्या माणसाला सांग, इथे येऊन पाटावर बस, पुरणपोळी खा आणि मग सही कर. ज्याच्या घरी जेवला त्याला माणूस एकदम दगा नाही देत.”

म्हणून तो पुण्याचा माणूस त्या सकाळी ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजे पोतनीस सॉफ्टवेअरच्या एकुलत्या एका ऑफिसात, गुडघे जुळवून बसला होता. बरोबर लॅपटॉप होता आणि लाडवाच्या डब्याएवढा एक गोल स्पीकर. आप्पा, म्हणजे भालचंद्र पोतनीस, समोरच्या खुर्चीत होते. वय ऐंशीच्या पुढे, हिशेबखात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्यांना चहा जात नसे.

“नाव?”

“सूर्या जगदाळे.”

“पूर्ण नाव.”

“सूर्याजी.”

“मग सूर्याजीराव म्हणा की. एवढं चांगलं नाव आहे, अर्ध्यात कशाला तोडता?” आप्पांनी कप खाली ठेवला. “हं. आता सांगा, आमच्या कंपनीचं आपण काय करणार?”

सूर्याजीने पुण्याहून पाठ करून आणलेलं सांगितलं. “काका, बेसिकली पहिल्या फेजमध्ये इंटिग्रेशन. तुमचं सॉफ्टवेअर आमच्यात येईल. त्यानंतर रिऑर्गनायझेशन.”

आप्पांनी चष्मा काढला.

“हे दोन शब्द ह्याच क्रमाने मी आधी ऐकले आहेत,” ते म्हणाले. “आधी विलीनीकरण, मग पुनर्रचना. माझे वडील बळवंतराव सरकारी खजिन्यात होते. पहिल्या शब्दाला ग्वाल्हेर मध्य भारतात गेलं. कोणती गोष्ट नाही, म्हटलं. निदान हिवाळ्यात राजधानी इथे, उन्हाळ्यात इंदूरला. फायली ट्रंकांत भरून जायच्या, थंडीत परत यायच्या. मग दुसरा शब्द आला. राजधानी भोपाळला गेली ती गेलीच. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. त्या दिवशी वडील घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि म्हणाले, ‘भालू, आजपासून आपण तालुक्याचे.’”

त्या दिवसानंतर पोतनिसांच्या घरात भोपाळचं कौतुक कुणी केलं नाही. भोपाळच्या मुली सांगून आल्या तर त्यांच्या पत्रिकाही जुळत नसत.

“पण काका, हे तसं नाही,” सूर्याजी म्हणाला.

“माझी एकच अट आहे. हेडऑफिस हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात पुणे.”

“अहो, आता सगळं क्लाउडवर असतं. हेडऑफिस असं खरं तर कुठे नसतंच.”

“नसतंच?”

“नाही.”

“मग ते पुण्यात कशाला नसायला पाहिजे? ग्वाल्हेरात नसू द्या.”

सूर्याजीने लॅपटॉपवर पुढची स्लाइड शोधली. ह्या मुद्द्याची तयारी पुण्यात कुणी करून घेतली नव्हती.

स्वयंपाकघरात पुरण वाटलं जात होतं आणि तिथेही हाच विषय होता. शामलाबाई पुरणयंत्राचा दांडा अशा फिरवत होत्या की त्यात पुण्याची अख्खी कंपनी घातली असावी. त्या आप्पांच्या पत्नी आणि घरातली थोरली जाऊ. धाकटी सुनंदा ओट्याशी सोळा भाज्यांचा मीठमसाला बघत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती उभ्याने काम करताना एक हात ओट्यावर टेकवायची.

“मी तुझ्या बाजूला आहे, सुनंदा,” शामलाबाई म्हणाल्या. “ह्यांना सांगितलं आहे मी, सही करायची नाही. बाईमाणसाचा फोन काढून मशीनच्या हातात द्यायचा, ही काय रीत झाली?”

“काढू देत, वहिनी. बल्लू म्हणतो, आई तू थकतेस, आराम कर. मी कधी म्हटलं त्याला की मला आराम पाहिजे?”

“तू त्याला असं सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं न. तेव्हा तो मोबाइल बघून राहिला होता.”

पोतनीस सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर ‘कारकून’ नावाचा बिलं करणारा एक प्रोग्राम. सुनंदाचे यजमान मधुसूदनराव ह्यांनी तो कॉम्प्युटरला पाठीमागे ढेरी होती त्या काळात माधवगंजातल्या एका कापडवाल्यासाठी लिहिला. तो लष्कर ह्या ग्वाल्हेरच्या जुन्या पेठेतल्या अर्ध्या दुकानांत चालला, मग मुरेना, भिंड, दतियापर्यंत गेला. मधुसूदनरावांचा दोष एकच, त्यांना फोनवर बोलता येत नसे. रिसीव्हर कानाला लावला की त्यांच्या घशाला कोरड पडायची आणि समोरचा ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून द्यायचा. तेव्हा सुनंदाने एक दिवसापुरता फोन घेतला. तो एक दिवस अजून चालू होता.

तिला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नव्हतं आणि तिने ते कधी लपवलंही नाही. दुकानदार अडचण सांगे. सोपी असली तर ती ऐकून ऐकून पाठ झालेलं उत्तर देई. अवघड असली तर फोनवर हात न ठेवता घरात हाक मारी, “अहो!” मधुसूदनराव दारात येऊन उभे राहत, विचार करत, आणि फोनला घाबरत असल्याने तोंडाने न बोलता हाताने सांगत. दोन बोटं म्हणजे तारीख बघा. मूठ म्हणजे जुनं बिल अडकलं आहे, ते आधी काढा. उघडा पंजा म्हणजे थांबायला सांग, मी येतो. ते विचार करत तोवर ती गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून ठेवी. सगळं लष्कर तिला काकीजी म्हणायचं. आधी घरची चौकशी, मग बिलाची, हा तिचा शिरस्ता होता.

आता पुण्याची कंपनी ‘कारकून’ घेणार होती आणि फोन बंद होणार होता. उत्तरं देणारी मशीन तयार होती. कागदावर आप्पा, मधुसूदनराव आणि बळवंत ह्या तीन भागीदारांच्या सह्या हव्या होत्या. फोन उचलणारीचीही सही लागावी, असं कुणाला वाटलं नव्हतं.

“आई, बाहेर ये न,” बळवंत दारात आला. चौतिशीचा, आजोबांच्या नावाने मिरवायचा आणि घरात बल्लू म्हणूनच ओळखला जायचा. “आरतीला टाइम आहे अजून. तुझ्यासाठी सरप्राइज आहे.”

“मला नको तुझं सरप्राइज. पोळ्या व्हायच्या आहेत.”

“फक्त पाच मिनट. प्लीज यार, आई.”

शामलाबाईंनी पदराला हात पुसले. “चल. बघू तर खरं, काय भूत आणलं आहे.”

बळवंतच्या मनात पाप नव्हतं, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. रात्री नऊलाही फोन घेणारी, ताटावरून उठणारी आई त्याने जन्मभर पाहिली होती. ती सुटावी असं त्याला खरोखर वाटत होतं. एका दुकानदाराने ‘काकीजींनीच सांगितलं होतं’ म्हणून भांडण केल्यापासून त्याने तिच्या फोनचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं, आणि तो सगळा साठा त्याने पुण्याला पाठवून दिला होता. मशीन त्यावरच शिकली होती, आवाजासकट. ह्याचा आईला अभिमान वाटेल, अशी त्याची कल्पना होती.

सूर्याजीने स्पीकरचं बटण दाबलं.

“राम राम भैया,” स्पीकर म्हणाला. “काकी बोल रही हूँ. खाना खा लिया?”

सुनंदाच्या हातातली हळदीकुंकवाची कोयरी तिरकी झाली. आवाज तिचाच होता, शेवटचा शब्द किंचित वर नेण्याची खोडही तिचीच. शामलाबाईंनी एकदा स्पीकरकडे आणि एकदा जावेच्या तोंडाकडे पाहिलं.

“हे तर तूच आहेस ग!”

“मी नाही. मी इथे उभी आहे.”

“मॅडम, विचारा काहीही,” सूर्याजी उत्साहाने म्हणाला.

शामलाबाईंना आग्रह लागत नसे. त्या पुढे वाकल्या आणि डब्यात कुणी बहिरा बसला असावा अशा आवाजात म्हणाल्या, “बहनजी, सब्जी में नमक कितना डालना?”

“ती फक्त बिलिंगसाठी आहे,” सूर्याजी सांगायला गेला, पण स्पीकर त्याच्या आधी बोलला.

“नमक का तो दीदी, हमारी जेठानी से मत पूछना. मन की साफ हैं, पर नमक में हाथ बहुत खुला है. इनके भैया पानी पी-पी के खाते हैं, पर बोलते नहीं. रिटायर आदमी है, कहाँ जाएगा?”

आप्पांना अकस्मात खोकला आला.

“डेटा साफ केला होतास ना?” सूर्याजीने बळवंतला हळूच विचारलं.

“साफ मतलब?”

“म्हणजे पाठवण्याआधी ऐकलं होतंस ना?”

“आईचे फोन आहेत यार. उसमें क्या होगा? बिल, प्रिंटर, जीएसटी.” बळवंतचा आवाज खाली खाली जात होता. त्याने एकही ऐकला नव्हता. आई काय बोलते ते आपल्याला माहीत आहे, अशीच घरातल्या सगळ्यांची समजूत होती.

“सुनंदा,” शामलाबाई सावकाश म्हणाल्या, “माझं मीठ तू भिंडपर्यंत पोचवलंस?”

“वहिनी, ते मी गमतीत—”

“मला तर मशीन ठीक वाटते. तोंडावर बोलते तरी.” आणि त्या सुनंदाच्या शेजारून सरकून सूर्याजीच्या शेजारी जाऊन बसल्या. सही करायची नाही म्हणणाऱ्यांतलं एक मत असं गेलं.

दुसरं जायला वेळ लागला नाही. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मशीनला खिंडीत गाठायचं त्यांनी ठरवलं होतं.

“बाई, मध्य प्रदेश की राजधानी कौनसी?”

“किताब में तो भोपाल है, भैया,” स्पीकर म्हणाला. “पर हमारे घर में मत पूछना. जेठजी के हिसाब से आज भी ग्वालियर ही है, भोपाल काम चलाऊ है.”

आप्पांनी मांडीवर थाप मारली. “वा! बाई अभ्यासू आहे. सूर्याजीराव, हिला ठेवायला माझी हरकत नाही.”

“आप्पा!” सुनंदा म्हणाली.

“अग, तूच आहे न ती. मग रागावतेस कशाला?”

सुनंदाने कोयरी टेबलावर ठेवली. आपलंच बोलणं आपल्याच आवाजात समोर चाललं होतं, घर कौतुकाने ऐकत होतं, आणि त्यात तिची कुणाला गरज नव्हती. तिला रडू येत होतं, पण सणाचा दिवस होता आणि पुण्याचा माणूस बसला होता. ती भिंतीशी उभी राहिली.

एवढ्यात टेबलावरचा खरा फोन वाजला. तिचा हात सवयीने पुढे गेला.

“काकू, थांबा,” सूर्याजी म्हणाला. “लाइव्ह टेस्ट होऊन जाऊ दे.” त्याने लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि फोन स्पीकरला जोडला गेला.

“काकीजी, माधवगंज से राठौर,” कापडदुकानाचा कालवा मागे ऐकू येत होता. “बिल बंद पड़ गया. त्योहार का दिन, बाहर तक लाइन लगी है.”

“पहले ये बताओ, बहू का क्या हुआ?”

“परसों हो गया काकीजी. बिटिया हुई है.”

“अरे बधाई हो! घर में लक्ष्मी आई. उसको अभी मसाला मत खिलाना. हाँ, अब बताओ. बंद करके चालू किया?”

“किया.”

“प्रिंटर का तार हिलाया?”

“हिलाया.”

सूर्याजी बळवंतकडे बघून हसला. पोरगी नापास होईल अशी लक्षणं नव्हती.

“फिर तो रुको भैया,” स्पीकर म्हणाला, “इनसे पूछती हूँ.” आणि मग सगळ्या कॉलनीला ओळखीच्या असलेल्या पट्टीत, “अहो!”

देवघरात मधुसूदनराव मुकटा नेसून आरतीची तयारी करत होते. बाहेर काय चाललं आहे ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, एरवीही फारसं पोचत नसे. पण त्या हाकेला ते इतकी वर्षं उठत होते. काडेपेटी हातात तशीच धरून ते तरातरा दारात येऊन उभे राहिले. बळवंतने खुणेने स्पीकर दाखवला. अडचण काय ते त्यांनी राठौरच्या तोंडून पुन्हा ऐकलं, छताकडे पाहिलं, विचार केला आणि स्पीकरला दोन बोटं दाखवली.

“अहो, ऐकताय ना?” स्पीकर म्हणाला.

त्यांनी बोटं जरा जवळ नेली.

“अहो!”

“सर, तिला दिसत नाही,” सूर्याजी कळवळून म्हणाला. “बोला ना. नुसतं बोला.”

मधुसूदनरावांनी तोंड उघडलं. फोन चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंड मिटलं.

सूर्याजीच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक अवघड फोनमध्ये एक हाक होती, मग ह्या बाईंचं अवांतर बोलणं, आणि मग अचानक अचूक उत्तर. उत्तर येतं कुठून, ते पुण्यात कुणाला कळलं नव्हतं. मधल्या सगळ्या गोष्टीला तिथल्या पोरांनी ‘नेटवर्क खराब’ असं लिहून टाकलं होतं. त्याने दोन बोटांकडे पाहिलं, मग सुनंदाकडे. हळूहळू सगळेच सुनंदाकडे बघायला लागले.

“आई,” बळवंत म्हणाला, “बाबा काय सांगून राहिले आहेत?”

सुनंदाला अर्थात कळलं होतं. ती भिंतीपासून निघाली, आपल्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर घेतले.

“मला आराम करायचा आहे न?” ती म्हणाली. “मी आराम करते.”

“यार आई, आत्ता नको न!”

“विचार तुझ्या मशीनला.”

मशीन गप्प बसणाऱ्यातली नव्हती. उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाला एकटं सोडायचं नाही, हेही ती शिकली होती.

“ये सोच रहे हैं, भैया,” ती राठौरला सांगू लागली. “इनको टाइम लगता है, पर गलत नहीं बताते. तब तक सुनो. अपनी बहू के पास घर की कोई औरत सुलाना. मेरे घुटने का ऑपरेशन हुआ था न, तो मैं जेठानी के नमक पे कितना भी हँसूँ, दो महीने मेरी चोटी उसी ने की. रात को उठ-उठ के पानी दिया. सगी बहन नहीं करती इतना. ये बात उसको मत बताना, सिर पे चढ़ जाएगी.”

शामलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“और भैया, तुम लोगों का फोन आता है तो मैं बोल लेती हूँ. घर में सब अच्छे हैं, पर सब अपने-अपने मोबाइल में. तुम्हारा फोन न आए तो मैं दिन भर चुप ही रहूँ.”

“हाँ काकीजी,” राठौर म्हणाला, “ये तो आप हर बार कहती हो.”

बळवंतने हातातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. ह्या आवाजातलं हे वाक्य त्याने आधी ऐकलं असणार, निदान एकदा तरी, ह्याच खोलीत. त्याला आठवेना. परक्या दुकानदाराला ते पाठ होतं, पुण्याच्या मशीनला पाठ होतं. त्याने आईकडे पाहिलं आणि त्याला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

मधुसूदनराव मात्र स्पीकरपासून हलले होते. ते सुनंदाच्या खुर्चीसमोर आले, दोन बोटं तिच्यासमोर धरली आणि हळू आवाजात म्हणाले, “सुनंदा, त्याच्या दुकानात लाइन लागली आहे.”

चारचौघांत ते एवढं लांब वाक्य सहसा बोलत नसत. सुनंदाने त्यांच्याकडे पाहिलं. राग होता, अजून होता. पण राठौरची सून बाळंतीण होती, दुकानात तो एकटा होता. तिने हात पुढे करून फोन उचलला.

“हाँ भैया, असली वाली बोल रही हूँ. कंप्यूटर की तारीख देखो.”

“अरे! ये तो पिछले साल में चला गया.”

“वापस ले आओ.”

पलीकडे प्रिंटर खरखरला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांचा हुश्श ऐकू आला. “निकल गया काकीजी! पर ये असली-नकली क्या था?”

“कुछ नहीं. बिटिया का नाम क्या सोचा?”

तिने फोन ठेवला, तेव्हा बळवंत उठून तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला.

“आई, चुकलं माझं. फोन चालू ठेवू. डील गेलं उडत.”

“माझी नोकरी पण जाईल,” सूर्याजी क्षीणपणे म्हणाला. त्याला अजून कुणी जेवायला वाढलं नव्हतं.

“थांबा,” आप्पा म्हणाले. “घाई नको. राजधानी भोपाळला गेली, तेव्हा हायकोर्ट जबलपूरला गेलं. पण ग्वाल्हेरकर काय नुसते रडत बसले? खंडपीठ ठेवून घेतलं की नाही? आजही आहे.” त्यांनी बोट स्पीकरकडे केलं. “ह्या बाईला बसू द्या खालच्या कोर्टात. सोपं-सोपं तिने बघावं. जिथे ती ‘अहो’ म्हणेल, ते प्रकरण अपिलात इथे येईल. दर्पण कॉलनीत. हेडऑफिस तुम्हाला जिथे नसू द्यायचं तिथे नसू द्या.”

सूर्याजी विचार करू लागला. विचार करता करता त्याचा चेहरा उजळला. हे पुण्याला सांगता येण्यासारखं होतं. फक्त इंग्रजीत सांगावं लागणार होतं.

“आणि खंडपीठावर सुनंदा,” शामलाबाई सूर्याजीच्या शेजारून उठून मूळ जागी आल्या. “पण फुकट नाही बसणार ती. कागदावर चौथी सही तिची. नाही तर हे सही करणार नाहीत.”

“मी कधी म्हटलं?” आप्पा म्हणाले.

“आत्ता मी म्हटलं न.” मग त्या जावेकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “सिर पे चढ़ जाएगी काय? आता चढतेच बघ.”

“चढा, वहिनी. फक्त आमटीत हात नका घालू,” सुनंदा म्हणाली, आणि दोघी हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

सूर्याजी अंगणात जाऊन पुण्याशी बराच वेळ बोलला. परत आला तो मान हलवतच. “तयार आहेत. एकच विचारत होते, ती ‘अहो’ काढून टाकू का? थोडं अनप्रोफेशनल वाटतं.”

“हात नका लावू त्याला,” सुनंदा म्हणाली. “आधी नैवेद्य, मग सही. चला, पोळ्या लाटायच्या आहेत.”

आरती झाली, पानं वाढली गेली, सूर्याजीने आग्रहाला बळी पडून इतक्या पुरणपोळ्या खाल्ल्या की त्याला दगा देणं शक्यच राहिलं नाही. सह्या देवीसमोर झाल्या. सुनंदाने सगळ्यांत शेवटी केली, पूर्ण नावानिशी, सावकाश. आप्पांनी तो कागद देवीच्या पायाशी ठेवला आणि वडिलांच्या फोटोकडे बघून काहीतरी पुटपुटले. त्यात जबलपूरचं नाव तेवढं ऐकू आलं.

सगळे पुढच्या खोलीत विडा खात बसले होते, तेव्हा स्पीकर बोलू लागला. दतियाचा कुणी किराणावाला होता. खाना झाला, आईची तब्येत झाली. एकच बिल पुन्हा पुन्हा छापून येत होतं. बंद करून चालू करून झालं, तार हलवून झाली.

“तो रुको भैया, इनसे पूछती हूँ. अहो!”

सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिलं. ती आरामखुर्चीत डोळे मिटून विडा चघळत होती.

“अहो, ऐकताय ना?”

“आई, ती तुला बोलावून राहिली आहे,” बळवंत म्हणाला.

“बोलावू दे,” सुनंदा डोळे न उघडता म्हणाली. “इतकी वर्षं मी बोलावलं. आता मला जरा विचार करू दे.”

“अहो!”

सुनंदाने सावकाश हात वर केला आणि मूठ वळली.

मधुसूदनरावांनी ती मूठ पाहिली. खोलीत ती एकट्या त्यांनाच वाचता येत होती. ते उठले, टेबलाशी गेले, धोतराला हात पुसले, फोन उचलला आणि कानाला लावला.

“हॅलो,” ते म्हणाले. “जुना बिल अटका है. पहले वो निकालो.” मग थोडा वेळ थांबून, बायकोकडे बघत त्यांनी विचारलं, “और… खाना खा लिया?”